कोरड्यात पास

आमचे सर नव्या माणसाला भेटले की आधी त्याच्या पायांकडे बघत. नमस्कारासाठी नव्हे, बुटाचा सोल कुठे सुटलाय का ते बघायला. सुटलेला दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा आणि समोरच्याचं नाव-गाव विचारायच्या आधी ते विचारायचे, "ह्याने पावसाळा काढलाय का?"

हा प्रश्न एकट्या बुटांसाठी नव्हता. शेजाऱ्यांच्या दाराचं व्हार्निश, कुणाची नवी स्कूटर, दिल्लीतलं सरकार, लेकीसाठी सांगून आलेलं स्थळ, सगळ्यांना एकच प्रश्न. लेकीला बघायला आलेल्या मुलाच्या मामांना त्यांनी तो विचारला तेव्हा मामा गोंधळून म्हणाले, "मुलगा इंजिनिअर आहे हो. फर्स्ट क्लास आहे."

सर म्हणाले, "ते कोरड्यातलं झालं."

स्थळ गेलं. सरांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, बरेच दिवस अबोला धरला. पुढे एकदा त्या मला सांगत होत्या, "लग्नातला माझा शालू होता ना, तो ह्यांनी आधी बादलीत बुडवला. रंग जातो का बघायला. माझी आई रडायला लागली. रंग गेला नाही म्हणून मी ह्या घरात आले, नाहीतर सुटले असते."

मी लखनौला सरांच्या हाताखाली रुजू झाले ती नव्वदीच्या सुरुवातीला. रस्त्याच्या सामानाची सरकारी प्रयोगशाळा होती. खडी, वाळू आणि बिटुमेन, म्हणजे लोक ज्याला डांबर म्हणतात ते. मी जालन्याकडची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मी, आणि गेले ती एम.एस्सी. होऊनच बाहेर आले. हे मी अजून सांगते. ज्यांच्या घरात पणजोबांपासून पदव्या लटकल्यात त्यांना ह्यात सांगण्यासारखं काय, असं वाटतं. वाटू द्या.

पहिल्या दिवशी सरांनी माझे कागद बघितलेसुद्धा नाहीत. चहा मागवला, बशीतलं एक बिस्कीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बुडव. पडेपर्यंत काढू नको."

मी बुडवलं. पडलं.

"का पडलं?"

"ओलं झालं म्हणून."

"ओलं सगळंच होतं. तू पण होतेस, पडतेस का?" मग पुढे सरकून, जणू घरातलं गुपित सांगतायत अशा आवाजात म्हणाले, "आत जे धरून ठेवणारं होतं ना, त्याच्या आणि पिठाच्या मधे चहा शिरला. मधे शिरणं महत्त्वाचं. रस्ता असाच मरतो. लोक म्हणतात ट्रकने मारला. ट्रक बिचारा नंतर येतो."

सर रत्नागिरीकडचे. त्यांच्या गावचा रस्ता जूनमध्ये गेला की दिवाळीला परत भेटायचा. मी कुठली ते कळल्यावर त्यांना माझी दया आली. "म्हणजे तुमच्याकडे पाणीच नाही! मग तुम्हाला रस्त्यातलं काय कळणार?" त्या दिवसापासून माझं नाव मराठवाडा. "काय मराठवाडा, बुडवलंस का?" ही आमची गुड मॉर्निंग.

माझे वडील मैलकुली होते, म्हणजे बांधकाम खात्याचे रस्त्यावरचे मजूर. उन्हाळ्यात पायांना पोत्याची फडकी बांधून ते तापलेलं डांबर ओतायचे. हे मी कुणाला सांगितलं की लोक मान वाकडी करून "अरे वा, परिस्थितीतून वर आलात" म्हणतात, आणि मला त्यांच्या वाकड्या मानेचा राग येतो. सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले.

"कुठला रस्ता?"

मी सांगितला.

"पावसाळा काढला का त्याने?"

"काढला. अजून आहे."

"मग तुझ्या बापाला भेटायला पाहिजे," असं म्हणून ते कामाला लागले. माझ्या बापाचं इतकं सरळ कौतुक आजवर दुसऱ्या कुणी केलेलं नाही. फक्त जाता जाता म्हणाले, "आणि डांबर म्हणू नको. डांबर कोळशाचं, हे खनिज तेलाचं. मामाला काका म्हणतेस का?"

आमच्या प्रयोगशाळेत एका कोपऱ्यात गरम पाण्याची एक पेटी होती. बिटुमेन फासलेली खडी काचेच्या भांड्यात पाण्याखाली ठेवायची, भांडं त्या पेटीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी काढून बघायचं. काळी राहिली तर पास. पांढरी दिसायला लागली तर बिटुमेनने खडी सोडली. मोजायला यंत्र नाही, नुसत्या डोळ्यांनी अंदाज करायचा. सर त्या पेटीत दिवसातून कितीदा डोकवायचे ह्याला गणती नव्हती. त्यांच्या चष्म्यावर कायम वाफ असायची. रामसनेही नावाचा आमचा अटेंडंट म्हणायचा, "साहब के लिए तो यही गंगाजी हैं."

सरांचं सगळं शास्त्र एका लग्नात बसायचं. "खडी आहे ना, तिचं पाण्याशी आधीपासून जमलेलं असतं. बिटुमेनशी तिचं लग्न आपण लावून देतो. गरम असताना, घाईत. ती नांदतेही. पण पाणी दारात आलं की ती बिटुमेनचा हात सोडते. तिला दोष देऊ नको, तिचा स्वभाव आहे. आपण लग्न नीट लावलं नाही."

लखनौबाहेर बख्शी का तालाबला हवाईदलातल्या मराठी कुटुंबांचा गणपती असायचा. सर सहकुटुंब जायचे. एका वर्षी विसर्जनाला सगळे मोरया म्हणत डोळे पुसत असताना सर गुडघाभर पाण्यात वाकून मूर्तीकडे बघत होते. एका विंग कमांडरच्या बायकोला वाटलं, केवढी भक्ती! सर वर येऊन म्हणाले, "रंग आधी गेला, माती नंतर. रंगात डिंक कमी घातलाय. मूर्तिकाराला सांगा." त्या बाईंनी पुढच्या वर्षी त्यांना आरतीला बोलावलं, विसर्जनाला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती. सरांनी आयुष्यभर एकच वस्तू बनवली होती. बिटुमेनमध्ये रबरासारखा पॉलिमर वितळवायचा आणि दोघांनी वेगळं होऊ नये म्हणून एक रसायन घालून त्यांना एकमेकांना बांधून टाकायचं. लखनौच्या उन्हाळ्यात साधं बिटुमेन घामासारखं पाझरतं, हे पाझरत नव्हतं. त्याचा धागा ओढला की हातभर लांब व्हायचा आणि सोडला की परत जागेवर. त्यावर सरांची तरुणपणापासूनची सगळी वर्षं गेली होती. निवृत्ती जवळ आली होती, उपसंचालकाची जागा रिकामी होती, आणि ही वस्तू पास झाली की ती जागा त्यांचीच, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. काकूंनी तर मोठ्या क्वार्टरच्या खिडक्यांचं माप घेऊन पडद्यांचं कापडही बघून ठेवलं होतं.

डायरेक्टरसाहेब लखनौचे, खानदानी. त्यांच्या तोंडून 'नाही' कुणी ऐकलं नव्हतं. 'बिल्कुल, बिल्कुल' म्हणाले की काम होणार नाही, आणि 'देखते हैं' म्हणाले की फाईल वारली, एवढं आम्ही शिकलो होतो. पाहुणे आले की साहेब त्यांना सरांच्या टेबलाशी आणायचे, स्वतः तो काळा धागा ओढायचे, सोडायचे, आणि धागा परत गेला की जणू 'पहले आप' म्हणत आपणच मागे सरलो अशी मान लववायचे. पाहुणे टाळ्या वाजवायचे. सर कोपऱ्यातून म्हणायचे, "कोरड्यात पास."

कारण सरांनी ते बुडवून बघितलं होतं. स्वतःचंच. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. बुडवायचं, वाळवायचं, परत बुडवायचं. आणि प्रत्येक वेळी खडी पांढरी. पॉलिमर आणि बिटुमेनला बांधणारं रसायनच पाण्याला हात करून आत बोलवत होतं. पाणी आत शिरायचं, वस्तू वाळताना कडक व्हायची, आणि पुढच्या पाण्याला खडीवरून सालीसारखी निघायची.

त्यावरचा उपायही सरांनीच शोधला होता. खडीला आधी चुना लावायचा. साधा, पानाच्या टपरीवर असतो तसला विझवलेला चुना. खडीचा स्वभाव बदलतो, ती बिटुमेनला धरून राहते. भांड्यात तसं दिसतही होतं, पण रस्त्यावर अजून बघायचं होतं. सरांनी हे साहेबांना सांगितलं तेव्हा चुन्यावर हिंदीत जेवढे विनोद होतात तेवढे सगळे झाले. मग साहेब हळूच म्हणाले, "डॉक्टर साहब, चूना तो दादा-परदादा के ज़माने का है। इसमें नया क्या है? अख़बार में क्या छपेगा, लैब ने चूना खोजा?"

"मग एक बरसात निकालने दो साहब. बगैर चुने का पानी में गिरता है ये." सरांचं हिंदी हे असं. इतकी वर्षं लखनौत राहून रत्नागिरीच्या बाहेर पडलं नव्हतं.

"बरसात के बाद तो मंत्रीजी ही निकल जाएँगे," साहेब म्हणाले. "और लखनऊ में पानी बरसता ही कितना है? सड़क गाड़ी के लिए बनती है साहब, पानी के लिए थोड़े ही।"

ठरलं होतं असं, की आमच्या आवारातला फाटकापासून गेस्ट हाऊसपर्यंतचा रस्ता सरांच्या बिटुमेनने करायचा आणि मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन. सरांनी अहवालात स्पष्ट लिहिलं: कोरड्यात उत्तम, पाण्यात टिकत नाही, चुन्याशिवाय वापरू नये. आपल्या आयुष्याच्या कामाखाली माणूस नापास असं लिहितो आणि खाली सही करतो, हे मी पहिल्यांदा बघितलं. नंतरही बघितलं नाही.

साहेब प्रयोगशाळेत आले. सरांकडे न बघता माझ्याकडे आले. "बेटी, डॉक्टर साहब की नज़र अब थोड़ी कमज़ोर है। आपकी आँखें जवान हैं। ज़रा देखिए तो, कितना बचा है गिट्टी पर? मुझे तो सब काला-काला दिखता है।"

मी प्रोबेशनवर होते, आणि कायम करायची सही त्यांचीच होती. मी भांड्यात बघितलं. खोटंच सांगायचं असतं तर एम.एस्सी. करायची काय गरज होती, त्यासाठी गावात राहूनही भागलं असतं.

"साहब, आधा भी नहीं बचा."

"फिर से देखिए।"

"फिर से देखूँगी तो और कम दिखेगा," मी म्हणाले.

सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. साहेब गेल्यावर म्हणाले, "टक्कल पडायला लागलेला माणूस आरशात केसच मोजतो. जाऊ दे. तुझी सही अडकवतील बहुतेक."

"अडकू द्या. आणि सर, पास झालं असतं तर तुमची जागा..."

"अगं, पास झालंय की! कोरड्यात." आणि ते हसले. पण त्या दिवशी चहात बिस्कीट बुडवायचं ते विसरले.

साहेबांनी पाण्याचा परिच्छेद "फ़िलहाल अलग" ठेवला आणि ऐन उन्हाळ्यात रस्ता झाला. काळाभोर, चकाचक. बाजूच्या कडांना पांढरे पट्टे, कुंड्या, झेंडे. सर त्या रस्त्यावरून एकदाही चालले नाहीत. कडेच्या धुळीतून जायचे, आजारी माणसाच्या उशाशी जातात तसे.

आणि मग जे झालं ते फक्त आपल्याच सरकारी कचेरीत होऊ शकतं. मंत्री येणार म्हटलं की धूळ बसवायला पाणी मारायचं, छिड़काव, हा तिथला रिवाज. त्याशिवाय स्वागत पुरं होत नाही. साहेबांनी टँकर मागवला. रस्ता भिजवला. मंत्री आले नाहीत, कार्यक्रम पुढे गेला. परत तारीख ठरली, परत छिड़काव, परत पुढे. मधल्या दिवसांत टँकर तिथेच उभा, कारण परत पाठवला तर परत मिळेलच असं नाही; आणि त्याची तोटी गळकी. दिवसा लू, तिकडचा उन्हाळी गरम वारा, वाहायची आणि रस्ता वाळायचा, सकाळी परत पाणी. बुडवायचं, वाळवायचं, बुडवायचं. आमची प्रयोगशाळेतली पद्धत जशीच्या तशी, फक्त भांडं मोठं.

सर टँकरकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, "सर, साहेबांना सांगू या ना, पाणी थांबवा म्हणून." मला ह्या माणसाची मोठी क्वार्टर दिसत होती, काकूंचे पडदे दिसत होते. रस्ता फक्त एक दिवस टिकायला हवा होता.

सरांनी चष्मा काढला, वाफ नसतानाही पुसला. मग म्हणाले, "सांग."

मी पळत गेले. साहेबांनी ऐकून घेतलं, मला बसायला सांगितलं, पाणी विचारलं आणि म्हणाले, "बिल्कुल, बिल्कुल।" दुसऱ्या दिवशी दोन टँकर आले.

अखेर मंत्री आले. गाड्यांची रांग फाटकातून वळली आणि पहिल्या गाडीने ब्रेक मारला. तेवढं पुरलं. रस्ता चाकाबरोबर उचलला गेला, तव्यावरून धिरडं उलथावं तसा. त्या वस्तूचा चिवटपणा इतका उत्तम होता की ती तुटली नाही. खडीला सोडून तिने टायरला मिठी मारली. मडगार्डमध्ये खडी ताशासारखी वाजायला लागली. मंत्री खाली उतरले, तर त्यांच्या चपलेला काळी तार लागून हातभर लांब आली आणि पाय उचलल्यावर परत ओढली गेली. अगदी प्रात्यक्षिकात व्हायची तशी. सवयीने कुणीतरी टाळी वाजवली.

सगळे जागच्या जागी थिजलेले. फक्त सर पुढे झाले. हारवाल्यांच्या मधून वाट काढत ते सरळ रस्त्यात उकिडवे बसले, मूठभर खडी उचलली, रुमालाने पुसली आणि उन्हात धरली.

"मराठवाडा, इकडे ये! बघ. धुतलेली डाळ! भांड्यात होती तशीच!"

त्यांचा आवाज आनंदाचा होता. डोळे नव्हते.

मंत्र्यांनी विचारलं, "ये सड़क का माल बनाया किसने है?"

साहेब टँकरकडे बघायला लागले. सर उभे राहिले. "मैंने."

"और किसी ने बताया नहीं था कि उखड़ जाएगा?"

"बताया था ना. वो भी मैंने."

मंत्री राजकारणात मुरलेले. त्यांना हे प्रकरण आवडलं असावं. "तो भाई, बिछवाया किसने?"

साहेबांनी अदबीने हात जोडले. "हुज़ूर, वो तो... पूरी टीम ने।"

मग चौकशी समिती बसली. समितीने पाण्याला दोषी धरलं. "असाधारण जल-संपर्क" असा तिचा शब्द होता. जणू पाणी कुठून तरी आगंतुक आलं होतं. टँकर ज्यांनी मागवला ते साहेब बढतीवर दिल्लीला गेले. सरांना उपसंचालकाची जागा मिळाली नाही. त्यांना हिंदी पंधरवड्याचे संयोजक केलं. त्यांच्या हिंदीवर ह्याहून क्रूर विनोद कुणाला सुचला नसता. काकूंनी बघून ठेवलेल्या कापडाचे पडदे विकास नगरच्या त्यांच्या जुन्या घरालाच शिवले. खिडक्या लहान, त्यामुळे पडदे जमिनीवर लोळायचे.

माझी सही अडकली ती नव्या साहेबांनी केली. न वाचता. मला चाललं.

निवृत्तीच्या आधी सरांनी रामसनेही आणि मला हाताशी घेऊन उरलेल्या मालातून रस्त्याचा एक तुकडा टाकला. खडीला चुना लावून. जागा कुठली निवडली? पंप हाऊसच्या बाजूची, जिथे वरची टाकी रोज भरून वाहायची. संपूर्ण आवारात इतकी वाईट जागा दुसरी नव्हती. मी म्हटलं, "सर, जरा कोरड्यात टाकू या ना. ह्या वेळी तरी." सर म्हणाले, "कोरड्यात माझं बिटुमेन पासच आहे. मला ते नकोय."

निरोपाच्या समारंभात त्यांना शाल, नारळ आणि बुटांचा जोड मिळाला. त्यांनी सगळ्यांसमोर बूट उलटा करून सोल बघितला. मग ते रत्नागिरीला निघून गेले, पहिला पावसाळा बघायला न थांबता. थांबवत नव्हतं त्यांना.

दर पावसाळा संपला की ते एसटीडीवरून फोन करायचे. क्षेमकुशल नाही, काही नाही.

"काढला का?"

"काढला, सर. काळाच आहे. लोक स्कूटर तिथेच लावतात, स्टँड रुतत नाही म्हणून."

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर. मग, "कुणाला सांगू नको. अजून एक जाऊ दे."

असे काही पावसाळे गेले. मग एका नव्या साहेबांनी पाण्याच्या बचतीची मोहीम काढली आणि पहिल्याच आठवड्यात टाकीचं वाहणं बंद केलं. सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. मी पंप हाऊसशी गेले. तुकडा कोरडा ठणठणीत. आता तो आणखी कितीही वर्षं टिकला असता, आणि मी फोनवर हो म्हटलं असतं, आणि ते हो कोरड्यातलं आहे हे सरांना रत्नागिरीत बसून कळलं असतं.

दुसऱ्या दिवसापासून मी बादली न्यायला लागले. सकाळी कामावर आल्यावर एक, जाताना एक. माळ्यांची पोरं हसायची. नवा चौकीदार रामसनेहीला विचारत होता, "ये मैडम सड़क को पानी काहे देती हैं? कुछ बोया है क्या?"

आमच्या गावात उन्हाळ्यात हंड्यासाठी भांडणं व्हायची. रस्त्यावर पाणी ओतताना मला बापाने बघितलं असतं तर पदवी परत करून ये म्हणाला असता.

त्या वर्षी सरांचा फोन आला तेव्हा मी सगळं खरं सांगितलं. "सर, टाकी वाहायची थांबली."



"मग आता?"

"बादली आहे ना," मी म्हणाले.

ह्या वेळी खरखर लांबली. मग त्यांचा आवाज आला, थोडा ओला, पण ते मी त्यांना म्हटलं असतं तर रागावले असते.

"पाणी कडेने ओतू नको, मराठवाडा. मधे ओत."